आंग्रिया: घरातल्या पहिल्या खाऱ्या टाकीच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

समुद्री मासे आणि प्रवाळांच्या टाकीची जागा ठरली. हॉलची पूर्वेची भिंत नको, तिथे सकाळभर ऊन असतं आणि उन्हाने शेवाळ माजतं. स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत घेतली. सोसायटीत एक सिव्हिल इंजिनिअर काका आहेत, त्यांना चहाला बोलावून वजनाचा हिशेब मांडला. टाकी ९० × ४५ × ४५ सेंटीमीटर, काच १० मिलिमीटर. नुसती काच ४० किलो भरते. पाणी, दगड, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालचा सम्प (पाणी फिरवणारी दुसरी लहान टाकी) धरला की आकडा तीनशेच्या वर जातो. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसांचं आणि सामानाचं वजन दर चौरस मीटरला २०० किलो धरतात, आणि आमचा स्टँड अर्धा चौरस मीटरसुद्धा जागा घेत नाही. काकांनी खालच्या मजल्यावर जाऊन बीम कुठून जातो ते पाहिलं आणि म्हणाले, "भिंतीला चिकटून, बीमच्या वर ठेव. खोलीच्या मध्ये आणायचा मोह झाला तर मला आधी विचार."

हे सगळं कशासाठी, ते पहिल्या पानावर लिहून ठेवते. माझं बालपण मालवणचं. दहा वर्षांची असताना तिथल्या माझ्या सख्ख्या काकांच्या होडीतून सिंधुदुर्गाच्या मागच्या अंगाला गेले होते. काकांनी तेलाच्या डब्याचा तळ कापून तिथे काच बसवली होती. तो डबा पाण्यात दाबून वरून डोकावलं की खालचं सगळं लख्ख दिसायचं. हिरवट-तपकिरी प्रवाळ, त्याच्या फटींतून ये-जा करणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. काका हाताला धरून मागे ओढेपर्यंत मी डब्यातून डोकं काढलं नव्हतं. त्या डब्यातून जे दिसलं ते मला रोज संध्याकाळी, कॉलेजातून घरी आल्यावर बघायचं आहे.

तरी एक नियम आजच लिहिते: समुद्रातून काढलेलं काहीही या टाकीत येणार नाही. जे येईल ते पैदास केलेलं, कुणाच्या तरी टाकीत वाढलेलं किंवा कारखान्यात बनलेलं असेल.

लेकीने टाकीचं नावही ठेवलं, आंग्रिया. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार आहे, त्याला कान्होजी आंग्र्यांवरून आंग्रिया बँक म्हणतात. तिने ते शाळेच्या प्रकल्पात वाचलं होतं.

१४ जानेवारी

दोन दुकानं फिरले. दुसऱ्या दुकानात मालकाने मागच्या खोलीत नेऊन 'लाइव्ह रॉक' दाखवला. समुद्रातून काढलेला, जांभळ्या-गुलाबी शैवालाने माखलेला, अजून ओला. त्यात जंतू, किडे, स्पंज सगळं आयतं असतं आणि टाकी महिनाभर आधी तयार होते, असं त्याचं म्हणणं. तेही खरंच. पण तो दगड म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या परिशिष्ट एकमध्ये सगळी कठीण, खडक बांधणारी प्रवाळं आहेत. शिवाय काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखेही. वाघ ज्या परिशिष्टात आहे त्याच परिशिष्टात. मालकाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, सगळेच ठेवतात." मी उठून आले.

म्हणजे परदेशी व्हिडिओंत दिसतात ती फांद्या-फांद्यांची रंगीत कठीण प्रवाळं माझ्या टाकीत कधीच येणार नाहीत. मशरूम, झोअँथिड, लेदर ही मऊ प्रवाळं त्या यादीत नाहीत, ती हौशी लोकांच्या टाक्यांत फुटतात, वाढतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातात. माझी टाकी त्यांची. हे एकदा मनाशी पक्कं झालं आणि हलकं वाटलं. दिव्याचा खर्चही निम्म्यावर आला, मऊ प्रवाळांना तेवढा प्रखर उजेड लागत नाही.

२८ जानेवारी

स्टँड आला. फॅब्रिकेटरने दीड इंची चौकोनी पाइप लावलाय, वर १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय. रंगाचे तीन हात द्यायला लावले, कारण खाऱ्या पाण्याचा एक थेंब वेल्डिंगच्या सांध्यात गेला की गंज आतून खातो. प्लायवर थर्मोकोल, त्यावर टाकी. थर्मोकोल काचेखालचा बारीकसा उंचसखलपणा पोटात घेतो.

गोड्या पाण्याने भरून तीन दिवस ठेवली. सांधे कोरडे. मग पंप सुरू केला: सम्पमधून पाणी वर, वरून काठाच्या खिडकीतून टँक निपलमार्गे पुन्हा खाली. छान चाललं होतं. मग मुद्दाम मेन स्विच बंद केला. वीज जाणार हे धरूनच चालायला हवं.

पंप थांबला आणि वर पाणी नेणारा पाइप उलटा वाहू लागला. त्याचं तोंड पाण्यात चांगलं बोटभर बुडालेलं, त्यामुळे वरच्या टाकीतलं पाणी त्याच वाटेने खाली ओढलं जात होतं. सम्पच्या काठाला पाणी लागलं, फुगलं, क्षणभर काठावर थरथरत राहिलं, मग ओघळलं. मी, नवरा, लेक, तिघं फडकी घेऊन जमिनीवर. चार-पाच लिटर तरी सांडलं असेल. मोजून पाहिलं तर एकूण १४ लिटर खाली येत होतं आणि मी सम्पमध्ये जागा ठेवली होती १० लिटरची.

उपाय स्वस्त निघाला. पाइपचं तोंड वर घेतलं आणि पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली त्याला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं. पंप बंद झाला की पातळी भोकाखाली जाते, हवा आत शिरते, ओढ तुटते. आता ६ लिटर खाली येतं. सम्पच्या काचेवर लाल पट्टी चिकटवली, पाणी त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. पाइपच्या भोकात शेवाळ बसून ते बुजू शकतं, म्हणून दर रविवारी टाचणीने साफ करायचं हेही लिहून ठेवते.

इलेक्ट्रिशियनने टाकीच्या प्लगांसाठी वेगळं ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलं. सगळ्या वायरी प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर नेल्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळावरून खाली गळेल, प्लगमध्ये जाणार नाही.

४ फेब्रुवारी

मालवणहून काकांचा फोन. पाणी विकत कशाला, मी कॅन भरून एसटीने पाठवतो म्हणाले. मग जरा थांबून, "चेडवा, समुद्र असो काचेत रवता काय गो?"

त्यांच्या पाण्याला नाही म्हणताना जड गेलं. पण किनाऱ्याजवळचं पाणी म्हणजे बंदराचं डिझेल, खाडीचं गोडं पाणी आणि दोन दिवस बंद कॅनमध्ये मरून सडणारे सूक्ष्म जीव. आणि दर पंधरवड्याला २० लिटर बदलायचं तर ते पुण्याला येणार कुठून?

नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, ११८ आला. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा सहाशेच्या पुढे जाईल. घरातल्या पिण्याच्या आरओचं ४०. टाकीला शून्य हवं, कारण त्या चाळीसमध्ये नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, तांबं काय काय असेल ते सांगता येत नाही, आणि तांबं कणभर असलं तरी बिनकण्याचे प्राणी मरतात. म्हणून वेगळा आरओ घेतला, पुढे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनची नळी. एक लिटर पाण्यामागे तीन लिटर वाया जातं, ते पिंपात साठवून फरशी पुसायला आणि संडासाला वापरायचं ठरलं.

११ फेब्रुवारी

आज टाकीत समुद्र केला.

आधी दगड. सिरॅमिकचे, सच्छिद्र, १८ किलो. भिंतीसारखी रास न रचता दोन बेटं केली, मधे खिंड. दगड काचेच्या तळावर टेकवले आणि वाळू नंतर ओतली. वाळूवर दगड ठेवला आणि खाली कुणी उकरलं तर दगड कलंडतो. वाळू ऊलिटिक अ‍ॅरागोनाइट, सीलबंद पिशवीतली. हिचे दाणे प्रवाळाचा चुरा नव्हेत. उथळ समुद्रात बारीकशा कणाभोवती पाण्यातलाच चुना थरावर थर बसून दाणा गोल होतो, तशी ही. बोटांत घेतली तर खसखशीपेक्षा जराशी मोठी, पांढरीफेक.

मीठ पिंपात कालवलं. स्वयंपाकाचं मीठ म्हणजे फक्त सोडियम क्लोराइड, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट काही नसतं, म्हणून प्रवाळांच्या टाकीसाठीचं तयार मिश्रण. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर तळाशी चुना गोठून पांढरा बसतो. २० लिटरच्या कॅनने मोजत साडेआठ कॅन, म्हणजे एकूण १७० लिटर. हवी असलेली क्षारता हजारी ३५. क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दिसेपर्यंत मीठ घातलं, ७ किलो लागलं.

रात्री दहाला पंप सुरू केला. सगळं दुधासारखं गढूळ. लेक टाकीसमोर मांडी घालून बसली, काही दिसत नसताना.

१८ फेब्रुवारी

पाणी निवळलं. तापमान २५.५. टाकीत जीव काही नाही, पण आता जे करायचं ते सगळ्यात महत्त्वाचं.

मासे अमोनिया सोडतात, तो विषारी. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोडंफार चालतं. हे दोन्ही जिवाणू दगडाच्या भोकाभोकांत वसायला हवेत आणि वसण्यासाठी त्यांना आधी खाणं हवं. पूर्वी लोक यासाठी एखादा स्वस्त मासा सोडत आणि तो जळजळत जगला तर जगला. मला ते नको.

मी नवसागर वापरला, अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकतो आणि पांढरा धूर उठतो, तोच. अर्थात मी शुद्ध, प्रयोगशाळेच्या प्रतीचा आणला. १७० लिटरमध्ये २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया यावा म्हणून १.१ ग्रॅम पुरतो. चहाच्या चमच्याचं टोक. सोबत बाटलीतले जिवाणू.

वीस वर्षं मुलांना नायट्रोजन चक्र फळ्यावर काढून दाखवते आहे. बाण, गोल, रासायनिक सूत्रं. आज पहिल्यांदा त्यातल्या एका बाणाची घरी वाट बघते आहे.

३ मार्च

अमोनिया ०.५. नायट्राइट गडद जांभळं, चाचणीच्या रंगपट्टीवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे.

२० मार्च

१७ तारखेला दोन्ही शून्य आले होते. खात्रीसाठी पुन्हा १.१ ग्रॅम नवसागर टाकला. चोवीस तासांनी अमोनिया शून्य, पण नायट्राइट किंचित. काल पुन्हा टाकला, आज संध्याकाळी दोन्ही शून्य, नायट्रेट ३०. साडेचार आठवडे लागले. अर्धं पाणी बदललं.

आता सगळ्या वाळूवर आणि दगडांवर तपकिरी भुकटी धरली आहे. डायटम, सूक्ष्म शैवाल. नव्या टाकीला येतात, त्यांचं सिलिकेट संपलं की जातात. पुसत बसायचं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, टाकी गंजली का गं? त्यांना बोट लावून दाखवलं, धुरासारखी उडते.

९ एप्रिल, गुढीपाडवा

दोन क्लाउन मासे आले. अंगठ्याच्या पेराएवढे. ऑसेलारिस जातीचे, पैदास केंद्रात जन्मलेले. भारतात कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनची पैदास जमवून दाखवली तेव्हापासून या एका माशासाठी तरी समुद्रात जाळं टाकायची गरज उरलेली नाही. समुद्रात ज्याच्या आसऱ्याने राहतात ते समुद्रफूल नसलं तरी हे मासे सुखाने राहतात.

सगळे क्लाउन जन्मतात नर म्हणून. जोडीत जो वरचढ ठरतो त्याची मादी होते. आत्ता दोघांत कोण वरचढ ते कळत नाही, उद्या-परवा अंगाला अंग थरथरवून ठरवतील.

थेट मोठ्या टाकीत सोडले नाहीत. बेडरूममध्ये ४० लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर, दोन पीव्हीसीचे एल्बो लपायला. महिनाभर तिथे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अंगावरून तीन-चार दिवसांत नाहीसा होतो आणि माणूस फसतो. परजीवी मेलेला नसतो, माशावरून गळून तळाशी जाऊन बसतो, तिथे त्याची पिल्लं होतात आणि मग शेकड्यांनी परत येतात. त्यावर औषध तांब्याचं, आणि तांबं प्रवाळाच्या टाकीत टाकता येत नाही. म्हणून जी काय शिक्षा ती या चाळीस लिटरमध्ये.

आज श्रीखंड-पुरीच्या जेवणाआधी दोघांनी पहिला दाणा खाल्ला.

२१ एप्रिल

बाहेर ३९, खोलीत ३३, टाकीत ३०.४. पाण्यावर तिरका पंखा लावला तर २७.८ वर आलं, पुण्याची हवा कोरडी आहे म्हणून. पण रोज पाच लिटर पाणी उडतं. मीठ मागेच राहतं, त्यामुळे भर घालायची ती शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याचीच. तरंगत्या चेंडूवर चालणारा छोटा पंप बसवला, तो पातळी उतरली की आपोआप भरतो. मेमध्ये दमट हवा आली की पंखा काम करणार नाही, म्हणून पाणी थंड करणारा वापरलेला चिलर शोधतेय. मिळाला तर हप्त्याने.

१२ मे

सकाळी क्लाउन मोठ्या टाकीत सोडले. ३३ दिवस एकही ठिपका नाही. दोघं दहा मिनिटं एका कोपऱ्यात काचेला चिकटून होते, मग मोठा (मादी होणार ती हीच, असं लेक म्हणते) खिंडीतून गेला, परत आला, आणि दुसऱ्याला घेऊन गेला.

संध्याकाळी वळीव. साडेसहाला झाडाची फांदी तारांवर पडली आणि वीज गेली ती एकच्या पुढे आली. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) जोडायचा राहून गेला होता, त्या खोलीतला प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नाहीच हे तेव्हा कळलं. बॅटरीचा हवा पंप होता, तो एका बाजूला बुडबुडे सोडत राहिला. दगडातल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, वाहतं पाणी लागतं. मग तांब्या नको म्हणून स्टीलचा मोठा पेला घेतला आणि टाकीतलंच पाणी भरून वीतभर उंचीवरून परत ओतत राहिलो. पंधरा मिनिटं ओतायचं, पंधरा थांबायचं. नऊ ते अकरा नवरा, मग मी. मेणबत्तीच्या उजेडात पाणी काळं दिसत होतं, आणि पेला ओतला की त्यात दोन केशरी अंगं क्षणभर पेटून विझायची. दोनच लहान मासे होते म्हणून निभावलं.

उद्या इलेक्ट्रिशियन.

१९ जून

हे लिहायला तीन दिवस घेतले.

१४ तारखेला एक क्लीनर झिंगा आणला. लाल पाठ, मधे पांढरी रेघ, लांब पांढऱ्या मिश्या. मासे त्याच्यासमोर थांबतात आणि तो त्यांच्या अंगावरचे कीटक वेचतो. दुकानदार म्हणाला पैदास केलेला आहे. मी विश्वास ठेवला कारण मला ठेवायचा होता. घरी येऊन वाचलं: या झिंग्याची पिल्लं मोठी करणं फार कठीण असतं आणि बाजारात येणारे बहुतेक समुद्रातून धरलेलेच. म्हणजे पहिल्या पानावरचा नियम मी पाचच महिन्यांत मोडला.

दोन तास थेंबथेंब पाणी मिसळून त्याला सोडलं होतं. पहिल्या रात्री दगडाखाली बसला. दुसऱ्या दिवशी खाल्लं नाही. १६ ला पहाटे वाळूवर आडवा होता, मिश्या अजून प्रवाहात हलत होत्या. मला वाटलं जिवंत आहे.

अमोनिया शून्य, तापमान ठीक. मग क्षारतेचा विचार आला. रिफ्रॅक्टोमीटर मी डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर लावत होते. कॉलेजमधून हजारी ३५ चं प्रमाण द्रावण करून आणलं आणि काचेवर थेंब टाकला: ३२. म्हणजे ज्याला मी ३५ म्हणत होते ते ३८ होतं. उपकरण शून्याशी बरोबर असलं तरी पस्तीसशी बरोबर असेलच असं नाही, त्याला तिथेच लावायला हवं जिथे मोजायचं आहे. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते.

आणि खूण तर फेब्रुवारीतच मिळाली होती. ३५ साठी लिटरला ३८ ग्रॅम मिश्रण, म्हणजे १७० लिटरला साडेसहा किलोच्या आत. मला ७ लागलं होतं. ती नोंद माझ्याच हाताने या वहीत आहे. क्लाउन सोसत राहिले, झिंग्याला ते सोसणं शक्य नव्हतं.

रोज तीन-साडेतीन लिटर खारं पाणी काढून तितकंच गोडं घालतेय, चार दिवसांत ३५ वर येईल. एकदम नाही.

नियमाखाली आज एक ओळ वाढवली: कुठून आला हे दाखवता येत नसेल तर आणायचा नाही.

१४ जुलै

हिरवं केसाळ शेवाळ. दगडांना दाढी आल्यासारखं. डीआयच्या पुढचा टीडीएस ७ दाखवतोय, रेझिन कधीच संपलं होतं. बदललं. खाणं दिवसातून एकदाच, दिवा नऊ तासांवरून सातवर. बाकी दात घासायचा ब्रश आणि हात. रविवारी एक बेट, पुढच्या रविवारी दुसरं. उपटलेलं शेवाळ कुंडीत घालायच्या आधी गोड्या पाण्यात तीनदा धुवायचं, मिठाने तुळस करपेल.

४ ऑगस्ट

कोथरूडला एका गृहस्थांकडे गेले होते. बँकेतून निवृत्त, गॅलरी बंद करून चार टाक्या केल्या आहेत. मऊ प्रवाळं सहा वर्षं त्याच पाण्यात फुटत, पसरत गेलेली. त्यांनी मला तीन तुकडे दिले: हिरवे झोअँथिड, एक निळसर मशरूम आणि बोटभर लेदर. शिवाय दहा छोट्या स्टोमाटेला गोगलगाई, त्यांच्याच टाकीत जन्मलेल्या, कानाच्या पाळीसारख्या चपट्या. शेवाळ खातात. पैसे घेतले नाहीत, "वर्षभराने एक तुकडा दुसऱ्या कुणाला द्या" म्हणाले.

एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, ती सगळ्यांनी वाचावी म्हणून नीट लिहिते. काही झोअँथिडांमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, ज्ञात असलेल्या अतिशय जहाल विषांपैकी एक. हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. हाताला जखम असेल तर पाण्यात घालायचा नाही. आणि झोअँथिड असलेला दगड कधीही उकळायचा नाही किंवा गरम पाण्याने घासायचा नाही, वाफेतून विष श्वासात जातं. लेकीला समोर बसवून हे दोनदा वाचून दाखवलं. टाकीच्या झाकणाला आता कडी आहे.

तुकडे आयोडीनच्या पाण्यात बुडवून, नळीने पाण्याचा फवारा मारून झटकले. एक पांढरा चपटा किडा पडला. एका तुकड्याच्या बुडाशी आयप्टेशिया, काचेसारखं पारदर्शक इवलंसं समुद्रफूल, एक आलं की शंभर होतात. तो कोपरा पक्कडीने तोडूनच टाकला.

मग वाट. झोअँथिड मिटलेले, तपकिरी बटणांसारखे. रात्री साडेआठला पहिलं उघडलं. आधी कडेला एक बारीक चीर, त्यातून हिरवा कोंब, मग सगळी मिशाळ झालर एकदम बाहेर, मधे तोंडाची पिवळी रेघ. दिवा मालवायची वेळ झाली तेव्हा सात उघडे होते. मी दिवा अर्धा तास जास्त ठेवला.

२२ सप्टेंबर

केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, ७.१ वर आला. वाळू आणि दगडांवर गुलाबी ठिपके दिसायला लागलेत, कोरलाइन शैवाल. कोथरूडच्या तुकड्यांबरोबर आलं असणार. ते चुना खातंय.

भरपाई चुन्याच्या निवळीने करतेय. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, लिटरला एक चमचा सपाट, ढवळून झाकून ठेवायचं, वरचं नितळ पाणी घ्यायचं. पानाच्या ठेल्यावरचा चुना नाही, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून रात्री, थेंबथेंब, भरपाईच्या पाण्यातून. रात्री टाकीचा पीएच उतरलेला असतो, तोही सावरतो. आठवड्यात केएच ८.२.

१५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काका आलेत. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. दुपारभर टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. मी सांगत होते: हा फेस काढणारा स्किमर, पाऊस लागल्यावर किनाऱ्याला येतो तसाच फेस, त्यात पाण्यातली घाण चिकटून वर येते, हे पाणी ३५, ही मादी, आता नक्की. ते ऐकत होते. मग झाकण उघडायला लावलं, वाकून वास घेतला.

"वास बरो आसा," म्हणाले. "पण तुज्या दर्याक भरती खय आसा?"

मी म्हटलं, इथे भरती नाही, वेव्हमेकर आहेत, दोन्ही बाजूंनी सतत पाणी ढकलतात.

"आज पुनव. पंदराची पावणपट सव्वाअकरा. सव्वाअकराक भरती." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे आमच्याकडे होडीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. मलाही होतं. पुण्यात आल्यापासून एकदाही लागलं नव्हतं.

"दोनी बाजूंनी ढकल्लास तर ती बिचारी वाकतली खय?" त्यांचं बोट लेदरकडे होतं. खरंच, दोन प्रवाहांच्या मधे त्याची बोटं नुसती ताठ उभी होती.

१७ नोव्हेंबर

दोन टायमर आणले. डावा वेव्हमेकर सहा तास भरतीचा, उजवा सहा तास ओहोटीचा. टायमर चोवीस तासांचे, तिथी मात्र रोज पुढे सरकते, म्हणून रात्री खाणं घालताना दोन्ही पाऊण तास पुढे ढकलायचे. हे काम लेकीने मागून घेतलं. काका तिच्याकडून पाऊणकी म्हणून घेतात.

आज द्वितीया. दोन पाऊणे दीड. दीडला भरती पुरी, साडेसातपर्यंत ओहोटी.

सव्वासातलाच तिघं समोर येऊन बसलो, नवरा कुकर लावून आला. साडेसातला उजवा थांबला. पाणी काही क्षण नुसतं हललं, वाळूवरची उजेडाची जाळी मंदावली. मग डावा सुरू झाला. लेदरची बोटं आधी जागच्या जागी डुलली, आणि एकेक करत उजवीकडे कलली. झोअँथिडांच्या झालरी त्यांच्यामागून. दोन्ही क्लाउन खिंडीतून बाहेर आले आणि प्रवाहाकडे तोंड करून उभे राहिले.

क्षारता ३५. तापमान २५.६. केएच ८.१.